सहा शिलिंगचा खाडा

परवा आपल्याच गावातल्या कबड्डी स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. बातमीसाठीच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, अकरा फेटे, अकरा नारळ. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं. त्यातलं एक वाक्य मी वहीत उतरवून घेतलं: "इंग्रजांनी जगाला खेळ दिला आणि खिलाडूवृत्तीही दिली. खऱ्या खेळाडूनं पैशाकडं बघायचं नसतं." टाळ्या पडल्या. मीही ते वाक्य बातमीत टाकलं आणि त्याचाच मथळा झाला. चूक माझी.

बातमी पाठवून बाहेर पडलो तर मंडपामागं उपांत्य फेरीत हरलेल्या संघाचा एक पोरगा भेटला. चढाईला वाघ आहे, तुमच्यापैकी निम्म्यांनी त्याला खेळताना पाहिलंय. नाव लिहीत नाही, कारण तो यंत्रमागावर कामाला आहे आणि त्याला उद्याही तिथंच जायचंय. स्पर्धेसाठी त्याचे तीन खाडे पडले होते. तीन दिवसांची मजुरी गेली. गुडघ्याला रुमाल बांधलेला. मला म्हणाला, "दादा, शेठ म्हणतोय, उद्या आला नाहीस तर माग दुसऱ्याला देतो." त्याच्या संघाला काय मिळालं? एक सन्मानचिन्ह, ज्यावर प्रायोजकाचं नाव खेळापेक्षा मोठ्या अक्षरात आहे.

ही पोस्ट त्या तीन खाड्यांबद्दल आहे. पण इंग्रजांचं नाव पाहुण्यांनीच काढलंय, तर आधी इंग्रजांच्याच घरात जाऊन बघू.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशर आणि लँकेशायरमध्ये, एकोणिसाव्या शतकात जिकडं बघाल तिकडं धुराडी होती. ओल्डहॅममध्ये सुती गिरण्या, हडर्सफील्ड आणि ब्रॅडफर्डमध्ये लोकरीच्या, वेकफील्डच्या आसपास कोळशाच्या खाणी, सेंट हेलेन्समध्ये काच, हलमध्ये गोदी. (अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस बंद झाला तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच लँकेशायरात जात होता. म्हणजे हे गाव अगदीच परकं नाही.) या गिरण्यांमध्ये आठवड्याचे सहा दिवस काम. खेळायचं कधी? रविवारी तर चर्च. मग १८५० च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं ठरलं. बायका-पोरांशिवाय गिरणी चालत नव्हती, त्यामुळं पुरुषांनाही सुट्टी मिळाली. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला का सुरू होतात, याचं उत्तर या भोंग्यात आहे. लोकांनी जेवण केलं, कपडे बदलले आणि मैदान गाठलं. ती अर्धी सुट्टी कुणा लॉर्डानं खूश होऊन दिलेली नव्हती. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून कामगार कित्येक वर्षं भांडत होते, त्यातून ती आली.

आणि त्या अर्ध्या दिवसात या लोकांनी काय केलं बघा. १८८३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या संघानं ओल्ड एटोनियन्सना २-१ असं हरवलं. एका बाजूला एटनच्या महागड्या शाळेतून शिकून निघालेले साहेबलोक, दुसऱ्या बाजूला विणकर, प्लंबर, ओतकामवाले. त्यांचा खर्च एका ओतशाळेच्या मालकानं उचलला होता. सामन्याआधी त्यांनी ब्लॅकपूलला समुद्रकाठी जाऊन काही दिवस सराव केला. तर लगेच लंडनमध्ये कुरबूर सुरू झाली, की हे लोक सराव करतात! म्हणजे खेळासाठी काम बुडवतात! म्हणजे यांना कुणीतरी पैसे देतंय! फुटबॉलवाल्यांनी दोन वर्षं वाद घातला आणि १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूला मान्यता देऊन टाकली. शहाणे होते.

रग्बीवाले शहाणे नव्हते. खरी गोष्ट तिथं आहे.

रग्बीत उत्तरेकडचे संघ त्या काळात सगळ्यांना पुरून उरत होते. कौंटी अजिंक्यपद १८८९ ला सुरू झालं, तर पहिल्या आठ वर्षांत सात वेळा यॉर्कशर जिंकलं आणि उरलेल्या एका वेळी लँकेशायर. सामन्याला हजारोंनी गर्दी व्हायची, तिकीट लावलेलं असायचं, गल्ला भरायचा. खेळणारा मात्र खाणीत किंवा गिरणीत कामाला. लांबच्या गावी सामना असला की शनिवारची सकाळची पाळी बुडायची, कधी आख्खा दिवस जायचा. तिकडं या बुडालेल्या कामाला 'ब्रोकन टाइम' म्हणायचे. आपल्याकडं त्याला खाडा म्हणतात. यॉर्कशरच्या लोकांनी पगार मागितला नव्हता, बक्षीस मागितलं नव्हतं. मागणी एवढीच होती की खेळल्यामुळं ज्याची रोजी बुडते, त्याला ती रोजी भरून द्या.

१८९३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला रग्बी युनियनची सभा झाली. ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. ज्यांचा कधी खाडाच पडत नाही अशा लोकांनी खाड्याचा निर्णय केला. जमीनदार, वकील, धर्मगुरू, शाळामास्तर. हडर्सफील्डजवळच्या अल्मंडबरीच्या शाळेचे मुख्याध्यापक रेव्हरंड फ्रँक मार्शल तर आपल्याच भागातल्या क्लबांच्या मागं हात धुऊन लागले होते, कोण कुणाला पैसे देतो ते शोधत. विरोधकांच्या सगळ्या म्हणण्याचा अर्थ एकच: ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये.

मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली. विगन, सेंट हेलेन्स, हॅलिफॅक्स, लीड्स, हल, ओल्डहॅम, ब्रॅडफर्ड, असे वीसहून जास्त क्लब युनियनमधून बाहेर पडले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन काढली. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो खेळ त्या खोलीत जन्मला. खाडाभरपाई किती ठरली? दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. कुशल कारागिराच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास. या सहा शिलिंगसाठी एका खेळाचे दोन खेळ झाले!

आता याच १८९५ सालचा दुसरा हिशेब मांडतो. क्रिकेटमधले डब्ल्यू. जी. ग्रेस त्या वर्षी शतकांचं शतक पूर्ण करून बसले. ग्रेस हे 'जंटलमन', म्हणजे हौशी, पैशासाठी न खेळणारे. डेली टेलिग्राफनं त्यांच्यासाठी एकेक शिलिंगची वर्गणी काढली. त्या वर्षी सगळीकडून मिळून त्यांना नऊ हजार पौंडांच्या आसपास थैली मिळाली. त्याआधी १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी लॉर्ड शेफील्डनी त्यांना तीन हजार पौंड दिले होते, वर खर्च वेगळा. तीन हजार पौंड म्हणजे साठ हजार शिलिंग. सहा शिलिंगच्या दरानं दहा हजार खाडे. गिरणीवाल्याला आठवड्याचे सहा दिवस धरले तर बत्तीस वर्षं. एवढे पैसे घेऊन माणूस हौशी राहतो, आणि सहा शिलिंग घेतले की खाणकामगार आयुष्यभर बाद. हो, आयुष्यभर! नॉर्दर्न युनियनच्या संघातून खेळलेल्याला रग्बी युनियनचे दरवाजे कायमचे बंद होते.

ही आहे पाहुण्यांची खिलाडूवृत्ती.

क्रिकेटमध्ये तर ही वर्णव्यवस्था मैदानावरच आखलेली होती. हौशी आणि व्यावसायिक यांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. धावफलकावर साहेबांची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची आडनावानंतर. इंग्लंडच्या संघाला नियमित म्हणून पहिला व्यावसायिक कर्णधार मिळायला १९५२ साल उजाडावं लागलं. तो लेन हटन, आणि त्याची पहिली मालिका आपल्याविरुद्धच होती. सांगलीच्या विजय हजारेंचा संघ लीड्सला शून्यावर चार बाद झाला होता ती. हौशी-व्यावसायिक हा भेद क्रिकेटनं मोडला १९६२ च्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडं महाराष्ट्र राज्य होऊनही दोन वर्षं झाली होती.

नौकानयनात यापेक्षा उघड कारभार. हेन्लीच्या नावाजलेल्या शर्यतीत हातानं काम करून मजुरी कमावणाऱ्याला प्रवेशच नव्हता. नियमातच लिहिलेलं: कारागीर, यंत्रकामगार, मजूर चालणार नाही. १९२० मध्ये अमेरिकेच्या जॅक केलीचा अर्ज नाकारला. तो विटा रचणारा गवंडी होता. (त्याच्या क्लबबद्दलही जुनी तक्रार होती, हे सांगायला हवं.) त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये त्यानं हेन्लीच्या विजेत्यालाच मागं टाकून सुवर्णपदक घेतलं. मजुरांवरची ही बंदी उठली १९३७ मध्ये.

आता कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, पैसा आला की खेळ नासतोच की. नासतो, मान्य आहे. प्रेस्टनचा विल्यम सडेल, ज्यानं फुटबॉलमध्ये उघडपणे पैसे देऊन खेळाडू आणले, तो सुती गिरणीचा व्यवस्थापक होता आणि गिरणीचे पैसे क्लबकडं वळवल्याबद्दल तुरुंगात गेला. तेही १८९५ मध्येच. २०१९ मध्ये बरी नावाचा सव्वाशे वर्षांहून जुना फुटबॉल क्लब मालकांच्या आर्थिक कारभारापायी लीगमधून बाहेर फेकला गेला आणि गावच पोरकं झालं. पण यातल्या एकाही ठिकाणी खेळ खेळाडूच्या मजुरीनं बुडालेला नाही. बुडवणारे हिशेबाच्या वह्या सांभाळणारे होते. आणि उत्तरेकडच्यांना हाव सुटली होती म्हणावं तर त्यांचा १८९८ चा नियम बघा: पैसे घ्यायला परवानगी, पण खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी पाहिजेच. दारूच्या गुत्त्यातली वेटरगिरीसुद्धा नोकरी म्हणून चालणार नाही.

रग्बी युनियनला स्वतःच्या सोवळेपणाची किंमतही मोजावी लागली. इंग्लंड १८९२ ला चार देशांच्या स्पर्धेत जिंकलं होतं, त्यानंतर थेट १९१० ला. वेल्समधले चांगले खेळाडू दशकानुदशकं उत्तरेकडं जात राहिले, कारण घरी खाणबंदीचे दिवस आणि तिकडं हातात पैसे. जोनाथन डेव्हिससारखा खेळाडू १९८९ मध्येसुद्धा विडनेसला गेला. आणि मग? ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियननं हौशीपणाचा नियम काढून टाकला. जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षं पूर्ण होत असताना! तेव्हा टीव्हीचा पैसा दारात उभा होता ना. कामगाराचे सहा शिलिंग खेळाला विटाळ करतात, प्रक्षेपणाचे कोट्यवधी पौंड करत नाहीत.

विटाळ हा शब्द मुद्दाम वापरला. कारण हा इंग्रजी सोवळेपणा आपल्या मातीत आला आणि आपल्या सोवळ्याला येऊन मिळाला. पळवणकर बाळू पुण्याच्या इंग्रज क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोळवायचे. साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचे. पुढं हिंदूंच्या संघात आले तर चहा वेगळ्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच माणसानं शंभरहून जास्त बळी घेतले. त्या संघाचे कर्णधार पतियाळाचे महाराजा. बाळूंना आधार कशाचा होता? रेल्वेच्या नोकरीचा. खेळतो म्हणून मिळालेल्या आणि खेळायला मोकळीक देणाऱ्या नोकरीचा. आपल्याकडं जो खेळ वाढला तोही असाच वाढला. रेल्वे, बँका, मुंबईच्या गिरण्या आणि कंपन्यांचे संघ, टाइम्स शील्डचं क्रिकेट. ज्याच्या घरी दोन वेळची सोय होती तो हौस म्हणून खेळला, बाकीच्यांना नोकरीनं खेळवलं. आता त्या नोकऱ्या आटल्या. यंत्रमागावरच्या पोराला कोण खेळवणार?

म्हणून पाहुण्यांना माझं जाहीर सांगणं आहे. साहेब, तुम्ही ज्या इंग्रजांचं नाव घेतलंत त्यात दोन प्रकारचे लोक होते. एक त्या २८२ मधले. दुसरे जॉर्ज हॉटेलात जमलेले. परवा व्यासपीठावरून तुम्ही पहिल्यांचं भाषण केलंत, बहुधा नकळत. समोर सतरंजीवर बसलेली पोरं मात्र दुसऱ्यांच्या गावची होती.

स्पर्धा समितीतले बरेच जण माझे मित्र आहेत, उद्या फोन येणार हे माहीत आहे. समिती चोर आहे असं मी म्हणत नाही. पोरं उन्हातान्हात राबून मैदान तयार करतात, वर्गणी मागत फिरतात, मी स्वतः पाहिलंय. पण मंडप, साउंड, फेटे, पाहुण्यांच्या गाडीचं डिझेल आणि चौकाचौकातले फ्लेक्स यांचा खर्च जमाखर्चात मांडता येतो, तर 'खेळाडूंचा खाडा' अशी एक ओळ का मांडता येत नाही? बाहेरगावच्या संघाला जेवण देतो, मग गावातल्या मजुराला त्याची बुडालेली मजुरी द्यायला काय हरकत? पगार नको, मानधन नको, लिलाव तर नकोच. कामावरच्या पोराच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे, मालकाकडून विचारून, पावती फाडून. फेटे अकराऐवजी तीन बांधले तरी सुरुवात होईल.

जमाखर्चाची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला मारुती मंदिराच्या सभामंडपात आहे. मी हा एकच विषय घेऊन जाणार आहे. ज्यांचा खाडा पडतो त्यांनी जरूर यावं. रविवारची पाळी असेल तर मला आधी मेसेज टाका, बैठक संध्याकाळी घ्यायला सांगतो.