पळवाट ठेवलेला हक्क

अमेरिकेत ८ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी अपंगांच्या दळणवळण व चित्रफीत सुलभतेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दूरचित्रवाणीवर संवादांच्या लेखी पट्टीसह दाखविलेला कार्यक्रम पुढे इंटरनेटवर आला, तर तेथेही ती पट्टी कर्णबधिरांना मिळालीच पाहिजे, असे बंधन त्याने घातले. मात्र जो कार्यक्रम केवळ इंटरनेटसाठीच निर्माण झाला, त्याला हे बंधन नाही. प्रेक्षक तिकडे वळला. कायदा जुन्याच दाराशी पहारा देत राहिला. भांडवलाला पळवाट उरली.

आपल्याकडील अनुभव निराळा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुलभता सक्तीची केली. २०१७ च्या नियमांनी त्या सक्तीचा नुसता उपदेश करून टाकला. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवावा लागला आणि सक्तीची मानके करण्याचा आदेश द्यावा लागला.

बहिऱ्या नागरिकाला बातमी कळणे ही लोकशाहीची अट आहे. ती कंपन्यांच्या सौजन्यावर सोपविणारा कायदा अपुराच होय. म्हणून कार्यकर्त्यांनी कायद्याच्या घोषणेवर समाधान न मानता त्याचे नियमही वाचावेत. हक्क हिरावला जातो तो बहुधा तेथेच.