विश्लेषण : गोऱ्हा नको, कालवडच हवी! नव्या तंत्रज्ञानाने दूध उत्पादकांचा प्रश्न सुटेल?

गाय व्याली आणि गोऱ्हा झाला, की अनेक दूध उत्पादक चिंतेत पडतात. कालवड ही मात्र उद्याची दुभती गाय. त्यामुळेच लिंगनिर्धारित रेतमात्रांची चर्चा आहे. त्यासाठीच्या देशी तंत्रज्ञानाचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये झाले.

गोऱ्हा नकोसा का झाला?

नांगरट आणि वाहतूक ट्रॅक्टरकडे गेली. विसाव्या पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ दरम्यान देशात गोवंशातील नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले, तर माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या. राज्यात गायींच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली. काम नाही, गिऱ्हाईक नाही, वैरण मात्र रोजची.

तंत्रज्ञान नेमके काय?

एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्राणूपासून मादी, तर वाय असलेल्यापासून नर जन्मतो. एक्स शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. शुक्राणूंना रंगद्रव्य लावून लेझरच्या साह्याने यंत्र हा फरक टिपते आणि ते वेगळे करते. त्यामुळे कालवड होण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांवर जाते.

मर्यादा कोणत्या?

नेहमीच्या रेतमात्रेत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, यात सुमारे २० लाखच. वर्गीकरणाचा ताणही त्यांच्यावर येतो. परिणामी गाभण राहण्याचे प्रमाण कमी भरते. माज अचूक ओळखणे आणि वेळेत कृत्रिम रेतन होणे म्हणूनच महत्त्वाचे. संधी हुकली, की पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस थांबावे लागते आणि तोवर चारा-पाण्याचा खर्च सुरूच राहतो.

सर्वच जातींना हे लागू आहे?

नाही. खिलारची ओळख दुधापेक्षा बैलांमुळे आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवल्यानंतर शर्यतीच्या खोंडाचे मोल टिकून आहे. तेथे नर हीच मिळकत ठरते.

मग प्रश्न सुटेल?

अर्धाच. नको असलेले गोऱ्हे कमी होतील. पण आजची कालवड काही वेतांनंतर भाकड होणारच आणि तिलाही गिऱ्हाईक नसेल. दुधाला परवडणारा दर आणि भाकड जनावरांच्या सांभाळाची सोय झाली नाही, तर गोऱ्ह्याचा भार तेवढा हलका होईल. म्हाताऱ्या गायीचा भार पशुपालकाच्याच दावणीला राहील.