ग्रंथालये अनुदानाच्या दारात का?

मुंबईच्या निरनिराळ्या वस्त्यांतील शाखा-ग्रंथालये गेले वर्षभर मी हिंडून पाहिली. ‘वाचकच उरला नाही’ हे राज्यकर्त्यांचे लाडके निदान तेथे टिकत नाही. जागेअभावी मुले जिन्यावर बसून अभ्यास करतात. वृत्तपत्राच्या एका प्रतीभोवती चार निवृत्त कामगार असतात. उणीव आहे ती नव्या पुस्तकांची आणि सेवकांच्या पोटापुरत्या पगाराची.

या दुरवस्थेचे मूळ कायद्यात आहे. देशातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला. मद्रासने १९४८ साली व म्हैसूर राज्याने १९६५ साली ग्रंथालय-कर बसवून या सेवेला हक्काचे उत्पन्न दिले. महाराष्ट्राने मात्र १९६७ च्या कायद्यात कर टाळला आणि ग्रंथालयांना अनुदानाच्या दारात उभे केले. कर हा हक्क असतो. अनुदान ही कृपा, आणि कृपेला तारीख नसते.

जनतेवर बोजा पडेल, असा कांगावा होईल. परंतु मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्या करावर ग्रंथालय-अधिभार बसवला, तर तो एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबावर नव्हे, गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांवर पडेल. १९८२ च्या संपानंतर ज्यांची रोजीरोटी गेली, त्यांच्या नातवंडांचे एवढे देणे तरी या मनोऱ्यांनी फेडावे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील ग्रंथालयाचे सभासद व्हावे आणि ग्रंथालय-कराची मागणी विधानसभेच्या दारी न्यावी. ज्ञान ही दानधर्माची बाब नव्हे.