उन्हाला सोबत हवी



एप्रिल-मे आला की आमच्या शिरढोणात अंगणाअंगणांत वाल, चवळी, तूर पसरलेली दिसते. वर्षाची बेगमी पावसाच्या आत डब्यांत जायला हवी ना! आणि तरीही गणपतीच्या सुमारास वालाचा डबा उघडावा, तर दाण्यादाण्याला भोक! "एवढं ऊन दाखवलं होतं की हो!" असं म्हणत आपण कपाळाला हात लावतो. खरं आहे, पण नुसतं ऊन दाखवून भागत नाही.

किड्यांचा स्वभाव आधी समजून घेऊ या. धान्यातल्या बहुतेक किड्यांना 25 ते 33 अंश उष्णता मानवते. म्हणजे आपल्याला घाम फुटतो, तेव्हा त्यांचा संसार भराला आलेला असतो! 35 च्या पुढे त्यांची वाढ खुंटते, 45 अंशांना ते दिवसभरात मरतात आणि 50 च्या वर तर मिनिटांचाच हिशेब. जाड थरात पसरलेले वरचे दाणे तापतात, खालचे कोमटच राहतात. भुंगेऱ्याची अळी असते दाण्याच्या आत, त्यामुळे चाळूनही ती जात नाही.

कोमट ऊन तर उलट अपायच करते. 1962 साली फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीत उष्णतेने जागी होणारी जनुके दिसली. त्यांच्यामुळे शरीराला सावरणारी प्रथिने तयार होतात, हे पुढे कळले. थोडी धग सोसलेला किडा नंतरची मोठी धगही काही काळ जास्त सोसतो. म्हणून ऊन द्यायचे तर कडक द्या, आणि त्याच्या जोडीला दुसरे संकट उभे करा.

पहिली सोबत प्लॅस्टिकची. गोणपाटावर काळे प्लॅस्टिक, त्यावर कडधान्याचा बोटभर थर आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा. कडांवर दगड ठेवा. कडक उन्हात आतली उष्णता 60 अंशांच्या वर जाऊ शकते. 57 अंशांवर तासभर राहिल्यास चवळीच्या भुंगेऱ्याची अंडी-अळ्यांसकट सगळी पिढी मरते. बिरड्याच्या वालाला मोड येतील ना, अशी शंका असेल तर मूठभर वाल आधी तापवून भिजत घालून पाहा. तांदूळ मात्र असा तापवू नका, दाणा चिरतो आणि कणी होते. त्याला सावलीच बरी.

दुसरी सोबत कोरडेपणाची. चुलीची चाळलेली राख आपल्या सासवा-आजेसासवा कडधान्याला उगीच लावत नव्हत्या. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून त्याच्या अंगातले पाणी टिकते. राखेने तो थर खरवडला जातो आणि गरम, कोरड्या हवेत किडा लवकर सुकतो.

तिसरी सोबत हवाबंद डब्याची. 2012 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या लॅरी मरडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंमतीची गोष्ट दाखवली. हवाबंद पिशवीत चवळीचे भुंगेरे मरतात ते तहानेने! कोरड्या दाण्यातून ते अंगात पाणी बनवतात, पण त्याला प्राणवायू लागतो. तोच संपला की पाणीही संपते. तेव्हा डबा गच्च भरा, झाकण घट्ट लावा आणि रोजच्या वापराला लहान डबा वेगळा ठेवा. मोठा डबा पावसात सारखा उघडू नका, दमट हवा आत शिरली की सगळी मेहनत वाया.

एक सांभाळा बरं का. तापलेले धान्य लगेच डब्यात कोंडू नका, वाफ धरून बुरशी येते. फडक्याखाली निववा आणि त्याच संध्याकाळी भरा. रात्रभर बाहेर राहिले तर ते पुन्हा ओल ओढते, किडेही शिरतात.

आणि कळकळीने सांगते, कुणी कितीही खात्री दिली तरी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यांतून सुटणारा विषारी वायू किडा आणि माणूस असा भेद करत नाही. बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. किलोभर वाल किडले तर फार तर कोंबड्यांना घालू, पण पोराबाळांच्या जिवाशी खेळ नको.

कर्नाळ्यावर ढग जमायच्या आत दोन दिवस कडक ऊन साधा आणि त्याला अशी सोबत द्या.