घरांतील यंत्रें : हरवलेली नोंदवही

कोठीघराची वही वाळवीनें खाल्ली म्हणून कोणी गृहिणी डबे ओतून देत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंहि नेमकें तेंच करतात. १९९३ सालीं निघालेल्या डेबियन पद्धतींत, व तिच्यापासून झालेल्या उबुंटूंत, कोणते प्रोग्राम बसविले आहेत याची नोंद ‘डीपीकेजी’ नांवाचा कारभारी ‘स्टेटस’ या एकाच फाइलींत ठेवतो. नागपुरीं ऐन वैशाखांत वीज एकाएकीं जावी, तबकडीवरील लेखन अर्धवट राहावें आणि ही फाइल कोरी व्हावी, हें अशक्य नाहीं. असलेले प्रोग्राम चालतात. पण नवा बसत नाहीं, जुना निघत नाहीं, सुरक्षिततेच्या दुरुस्त्याहि थांबतात. मग कोणी सुचवितो, ‘सारें पुसून टाका.’ त्याच तबकडीवर आजोबांचीं छायाचित्रें असतात, हें त्याच्या गांवींहि नसतें!

प्रथम घरचे कागद व छायाचित्रें दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावीं. नंतर ‘स्टेटस’च्या शेजारींच ‘स्टेटस-ओल्ड’ ही मागील प्रत आहे का तें पाहावें. तीहि बिघडली असल्यास ‘व्हार’मधील ‘बॅकअप्स’ या कप्प्यांत बहुधा ७ पर्यंत जुन्या प्रती सांपडतात. जुन्या दाबून ठेवलेल्या असतात, त्या उलगडाव्या लागतात. चांगली प्रत मूळ जागीं ठेवावी व तिच्यानंतर काय बसविलें तें कारभाऱ्याच्या रोजनिशींत, म्हणजे ‘लॉग’मध्यें, पाहावें. एकहि प्रत नसेल तर काम चिकाटीचें आहे. ‘डॉक’ कप्प्यांत बहुतेक प्रत्येक पॅकेजच्या नांवाचें एक घर असतें; तीं नांवें उतरून तींच पॅकेजें पुन्हा बसवावीं, म्हणजे वहींत नोंदी आपोआप होत जातात.