सोयीचा इतिहास, सावधपणाचे विस्मरण

पेनड्राइव्ह खोचताच संगणकाने तो ओळखावा, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही सहजता अनेक दशकांच्या तडजोडींतून आली आहे आणि प्रत्येक तडजोडीत माणसाने आपल्या अधिकाराचा थोडा अंश यंत्राच्या हवाली केला आहे.

सत्तरच्या दशकातील युनिक्समध्ये ड्रायव्हर हा कर्नलचाच भाग असे; नव्या जातीचे उपकरण जोडायचे तर कर्नल पुन्हा बांधावा लागे आणि आपण कशाला प्रवेश देत आहोत हे बांधणाऱ्याला ठाऊक असे. 1983 मध्ये एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने कॉन्फिग.सिस फाइलीत एक ओळ लिहून ड्रायव्हर चढवण्याची मुभा दिली, तरी कार्डावरचे जंपर हलवून आयआरक्यू जुळवण्याचा जाच उरलाच. त्यावर उतारा म्हणून विंडोज 95 ने ‘प्लग अँड प्ले’ आणले, 1996 मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि नवा करार रूढ झाला: उपकरणाने आपला उत्पादक-क्रमांक, उत्पादन-क्रमांक व वर्ग स्वतःच सांगायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमने त्यावरून ड्रायव्हर शोधून चढवायचा. लिनक्समध्येही 2003 पासून हीच रीत युडेव्हच्या रूपाने स्थिरावली. सांगितलेली ओळख खरी आहे का, हे पडताळण्याची तरतूद यूएसबीच्या मूळ मानकात नव्हती.

या सोयीची किंमत पुढे हप्त्याहप्त्याने चुकवावी लागली. 2008 च्या अखेरीस अवतरलेल्या कॉनफिकर या वर्मने पेनड्राइव्हवरील ऑटोरनचा मार्ग वापरला. ती वाट मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी सरसकट बंद केली ती 2011 मध्ये. 64-बिट व्हिस्टाने कर्नलमधील ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली होती, तर 2010 मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या वर्मचे ड्रायव्हर रिअलटेक व जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी स्वाक्षरित निघाले. 2014 मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी फर्मवेअर बदललेला पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून आज्ञा टंकू शकतो, हे दाखवून दिले. 2021 मध्ये तर रेझरचा माउस जोडल्यावर विंडोजने आपणहून सुरू केलेल्या इन्स्टॉलरमधून सामान्य वापरकर्त्याला सर्वोच्च अधिकार मिळवता येतात, असे निष्पन्न झाले.

जाच, सोय, दुरुपयोग आणि उशिरा सुचलेला निर्बंध, हे चक्र दर पिढीत फिरते, कारण जाच सर्वांच्या स्मरणात राहतो आणि त्या जाचामागे दडलेली दक्षता मात्र विसरली जाते. 2022 च्या मॅकओएस व्हेंचुराने ॲपलच्या चिपवरील लॅपटॉपमध्ये नवे उपकरण जोडताना अनुमती विचारायला सुरुवात केली आणि लिनक्सवर यूएसबीगार्ड हेच काम करतो. म्हणजे कर्नल बांधणाऱ्याचा ‘आपण कशाला प्रवेश देत आहोत?’ हा जुना प्रश्न आता फिरून विचारला जातो आहे. बँका, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्यांनी तरी पुढच्या आघाताची वाट न पाहता, माणसाने संमती देईपर्यंत अनोळखी उपकरणाला ड्रायव्हर मिळणार नाही, हाच मूळ नियम करावा.