इंधनाला टक्केवारी, लोडरला काय?

बुलडाणा शहरात विमानतळ सोडा, रेल्वे स्टेशनही नाही. गाडी पकडायला मलकापूर किंवा शेगाव गाठा. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिशांच्या काळापासूनची. तरी ‘विमानं टाळा’ हे आम्हालाही ऐकवतात!

मुद्दा चूक नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का हरित इंधन, असं आपलं सरकारी लक्ष्यही आहे. पण बॅगा चढवणाऱ्या लोडरचं काय?

एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, तीही कर्जापायी. हजारोंचे पगार थकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी अवसायनात काढली, तरी थकबाकी लोंबकळतच होती.

उड्डाणं कापायची तर आधी पगाराची हमी कायद्यात लिहा. आणि आमचे रूळ टाका.